वॉचडॉगचा डिफॉल्ट टाइमआउट: २ सेकंद फारच कमी

वॉचडॉग म्हणजे ठरलेल्या वेळेत (टाइमआउट) 'मी चालू आहे' असा पिंग आला नाही तर बोर्ड रिसेट करणारा टायमर. एकांनी सुचवलंय की त्याच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये डिफॉल्ट २ सेकंदच ठेवा, म्हणजे बोर्ड अडकला की लगेच रिसेट होईल. तसं करू नका. हा घोळ मी स्वतः घालून बसलोय.

खानापूरकडच्या मामांच्या उसात पंपाचा कंट्रोलर बसवला, टाइमआउट ३ सेकंद. घरी टेबलावर झकास चाललं. मळ्यात मात्र मेमरी कार्डावर लॉग लिहिताना डीमन (मागे चालणारा, पिंग देणारा प्रोग्राम) चार-पाच सेकंद अडकायचा, पिंग चुकायचा आणि धडधाकट बोर्ड रिसेट व्हायचा. रात्री मामांचा फोन, "अरे, दिवा नुसता उघडझाप करूलालाय की!"

लिनक्सच्या कितीतरी ड्रायव्हरांत डिफॉल्ट ६० सेकंद असतो, तो उगीच नाही. डीमन साधारण निम्म्या वेळेला पिंग देतो, म्हणजे एखादा थोडा उशिरा गेला तरी निभावतं. हार्डवेअरच तेवढं थांबत नसेल (रास्पबेरी पायचा जेमतेम १५ सेकंद) तर ती मर्यादा वॉचडॉग कोअरला (लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, सगळ्या वॉचडॉग ड्रायव्हरांचा सामाईक भाग) वेगळी सांगा. मधले पिंग कर्नल देतो, पण डीमनची मुदत संपेपर्यंतच.

आणि एक, जे बहुतेकजण चुकतात. मॉड्यूल पॅरामीटरचं (ड्रायव्हर लोड करताना देता येणारी सेटिंग) मूळ मूल्य ० ठेवा आणि ६० हा आकडा ड्रायव्हरमधल्या वॉचडॉग डिव्हाइसच्या टाइमआउटमध्ये आधीच भरा. आधी पॅरामीटर पाहिला जातो, मग डिव्हाइस ट्रीमधलं (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन असलेली फाइल) 'टाइमआउट-सेक', दोन्ही नसतील तर भरलेला आकडा राहतो. पॅरामीटरमध्येच ६० लिहिलंत तर डिव्हाइस ट्रीला विचारतंय कोण?

मामांचा बोर्ड आता ६० वर आहे. फोन येतात, पण उसाच्या बिलाबद्दल.