विषय: बेळगावच्या भाचीसाठी जनसंपर्क क्षेत्रातली संघटना

प्रेषक: सदस्य, डॅलस (मूळ टिळकवाडी)

नमस्कार मंडळी,
माझी भाची बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत काम करते. कामगारांसाठीच्या सूचना, सुरक्षेची पत्रकं, कंपनीचं मासिक असं सगळं मराठी आणि कन्नड दोन्हींत तीच बघते. आंतरराष्ट्रीय संघटनेचं सभासदत्व घे, म्हणजे नोकरीत पुढं जाशील, असं तिला कुणीतरी सांगितलंय. वर्गणी डॉलरमध्ये आहे, तिच्या पगाराला जड. आपल्यापैकी काहीजण याच क्षेत्रात आहेत. तिनं पैसे भरावेत का?

---

प्रेषक: सदस्य, टोरोंटो (मूळ निपाणी)

ताई,
तुमची भाची जे काम करते, त्याच कामातून यातली एक मोठी संघटना उभी राहिली. कारखान्यांची मासिकं काढणाऱ्या संपादकांच्या दोन संघटना १९७० साली एकत्र आल्या आणि आयएबीसी, म्हणजे इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ बिझनेस कम्युनिकेटर्स, तयार झाली. तेव्हा ‘मी फौंड्रीतली, मला तिथं कोण विचारणार’ असं तिनं मुळीच मनात आणू नये.

पण डॉलर भरायची घाई नको. मी इथं बरीच वर्षं सभासद आहे आणि मला खरा उपयोग झाला तो शाखेच्या बैठकांचा. कपातीची बातमी आधी कामगारांना सांगायची की वर्तमानपत्राला? साहेबांनी अपघाताचं पत्रक गुळमुळीत करायला सांगितलं तर काय करायचं? हे प्रश्न आपल्याच ऑफिसात विचारता येत नाहीत. तिथल्या जुन्या मंडळींना मी ते विचारले आणि त्यांच्या आधारावर टिकलो. हा आधार बेळगावात बसून टोरोंटोच्या शाखेकडून मिळणार नाही.

तिच्यासाठी आधी पीआरएसआय, म्हणजे पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया. १९५८ पासूनची संघटना आहे, बंगळूरला शाखा आहे आणि वर्गणी रुपयांत. २१ एप्रिल १९६८ ला दिल्लीच्या परिषदेत तिनं आचारसंहिता स्वीकारली. तोच दिवस आपल्याकडे राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळतात. ती संहिता भाचीनं सभासद होण्याआधीच वाचावी. पीआरसीएआय हे नावही तिच्या कानावर येईल, पण ती मुख्यतः जनसंपर्क कंपन्यांची संघटना आहे.

आणखी एक. सभासदत्व म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. अमेरिकेतल्या पीआरएसए या जनसंपर्क संघटनेचं एपीआर, किंवा आयएबीसीशी जोडलेलं सीएमपी, या प्रमाणपत्रांना परीक्षा असते आणि फी वेगळी. चार-पाच वर्षं काम झाल्यावर त्याचा विचार करावा.

---

प्रेषक: सदस्य, लंडन (मूळ खानापूर)

निपाणीकरांशी पूर्ण सहमत. फक्त एकदम काही वर्षांची वर्गणी भरू नये. तांत्रिक लेखन करणाऱ्यांची सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन १९५३ पासून होती, भारतातही तिची शाखा होती. जानेवारी २०२५ मध्ये ती दिवाळखोरीमुळे बंद झाली. माझ्या ओळखीच्या अनेकांना त्याचं फार वाईट वाटलं. पण त्या शाखेत जुळलेली माणसं आजही एकमेकांना कामं सुचवतात.

म्हणूनच मला वाटतं, बेळगावातच दोन भाषांत लिहिणाऱ्यांचा एक गट हवा. साखर कारखान्याचं ऊस उत्पादकांना जाणारं पत्रक, दवाखान्यातली सूचना, पतसंस्थेचा अहवाल: चिकोडीपासून खानापूरपर्यंत हे रोज दोन भाषांत लिहिलं जातं आणि लिहिणारा बहुतेक एकटाच असतो. मराठी पत्रकात तारीख एक आणि कन्नडमध्ये दुसरी पडली, तर फेरा शेतकऱ्याला पडतो. हे काम बंगळुरात किंवा लंडनमध्ये कुणी शिकवणार नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढलं तेही मराठी आणि इंग्रजी असं दोन भाषांत. दोन भाषांत जबाबदारीनं लिहिणं आपल्याकडे नवं नाही.

पत्रकारांना गटात बोलायला जरूर बोलवा, पण सभासद करू नका. ज्या कंपनीची बातमी द्यायची, तिच्याच पत्रकवाल्यांच्या मंडळात त्यांनी बसू नये.

---

प्रेषक: डॅलसच्या सदस्याची भाची, बेळगाव

काका, मावशीनं तुम्हा दोघांची पत्रं पाठवली. पीआरएसआयचा अर्ज भरते. गटाचं म्हणाल तर एका दवाखान्यातली मैत्रीण आणि संकेश्वरकडच्या कारखान्यातले एक दादा तयार आहेत. रविवारी टिळकवाडीत भेटायचं ठरवतोय.

आता निपाणीच्या काकांना एक विचारू? आमच्याकडे मागं एक कामगार भाजला. सूचनेत ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’ असं लिहायला मला सांगितलं. चौकशी तर तेव्हा सुरूच होती. मी ते शब्द गाळले, पण पुन्हा असं झालं तर काय म्हणून नाही सांगू?

---

प्रेषक: सदस्य, टोरोंटो (मूळ निपाणी)

बाळ, बरं केलंस. पुढच्या वेळी तोंडी नाही म्हणू नकोस, पर्यायी मजकूर लिहूनच हातात दे: काय घडलं, कधी घडलं, जखमीवर कुठं उपचार चालू आहेत, चौकशी सुरू आहे, कारण अजून निश्चित झालेलं नाही. मराठीत आणि कन्नडमध्ये अगदी तेच. वर सांग की चौकशीत दुसरं काही निघालं तर आधीचं पत्रक कंपनीवरच उलटेल. हे व्यवस्थापनाला लवकर पटतं. तरी ऐकलं नाही तर संहितेची प्रत जोडून ईमेल कर, म्हणजे तुझं म्हणणं नोंदलेलं राहील. रविवारच्या बैठकीत हाच विषय पहिला घ्या. तुमची वेळ कळव, मी व्हिडिओवर येतो.