बोकाशीला मराठी शब्द कोणता?

शाईकाम:
लाकडी ठशांनी चित्रे छापणारे जपानी चित्रकार हिरोशी योशिदा (१८७६–१९५०) यांच्या पर्वतचित्रांवरील एका छोट्या पुस्तिकेचा मी अनुवाद करीत आहे. १९२६ सालच्या जपानी आल्प्स मालिकेतील त्सुरुगी पर्वताच्या चित्रात शिखरावर सकाळचे गुलाबी ऊन पडलेले आहे आणि पायथा अजून निळ्या काळोखात आहे. लाकडी ठशावरच रंगाचा गडदपणा हळूहळू कमी करीत नेण्याच्या या रीतीला जपानीत 'बोकाशी' म्हणतात. मी 'उतरती छटा' असे लिहिले होते. संपादनात त्याचे 'धूसर रंगकाम' झाले. हा बदल मला पटत नाही. या चित्रांतली डोंगराची कड लाकडात कोरलेली असल्यामुळे ती स्वच्छ उमटते. उतरतो तो कडेच्या आतला रंग. यासाठी आपल्याकडे रुळलेला शब्द आहे का?

अनुस्वार:
'बोकासु' या जपानी क्रियापदाचा अर्थच पुसट करणे, अस्पष्ट करणे असा आहे, त्यामुळे संपादकांनी मूळ शब्दाला धरून अर्थ दिला, एवढे तरी मान्य करावे लागेल. मी स्वतः 'झाक' सुचवीन. झाकणे या क्रियापदाशी तिचे नाते असावे, असे मला फार दिवसांपासून वाटते. एक रंग दुसऱ्याला हलकेच झाकतो, ती झाक.

कातळकडा:
व्युत्पत्ती आकर्षक आहे, परंतु वापर तिच्या विरुद्ध जातो. 'जांभळी झाक असलेला निळा' म्हणताना आपण एका रंगात मिसळलेला दुसऱ्याचा अंश सांगतो. तो कोठून कोठे कमी होत गेला, हे त्यातून कळत नाही. बोकाशीत दिशा हीच मुख्य गोष्ट आहे. कारागीर ठशाचा पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसून घेतो, एका कडेला रंग ठेवतो, ब्रशने तो ओलाव्याकडे ओढत नेतो, आणि मग वर कागद ठेवून पाठीमागून बारेनने, म्हणजे बांबूच्या पातीत गुंडाळलेल्या चपट्या चकतीने, घासतो. हे प्रत्येक कागदासाठी नव्याने करावे लागते. जुना जपानी चित्रकार हिरोशिगे याच्या अनेक निसर्गचित्रांत आकाशाच्या वरच्या कडेवरचा गडद निळा पट्टा ज्या रीतीने खाली नाहीसा होतो, ते पाहिल्यावर मला 'विरती छटा' हाच शब्द सुचतो.

सागरवेळ:
आमच्या घरी आजी विटत चाललेल्या लुगड्याबद्दल 'रंगाला ओहोटी लागली' असे म्हणत असे. 'ओहोट' हा शब्द घ्यायला काय हरकत आहे? त्यात दिशाही आहे आणि सावकाशपणाही.

शाईकाम:
शब्द सुंदर आहे, पण लुगड्याचा रंग आपोआप जातो आणि तो दोष असतो. येथे मात्र कारागीर रंग जाणूनबुजून, मोजून कमी करतो.

मुद्रारसिक:
मूळ प्रश्नाआधी पाया नीट करावा, अशी माझी विनंती आहे. आपण सगळे 'ठसा' हा शब्द कोरलेल्या लाकडासाठी वापरता. मग कागदावर उमटते त्याला काय म्हणणार? मराठीत तोही ठसाच. त्यासाठी 'काष्ठमुद्राचित्र' हा नेमका शब्द करता येतो, आणि तोच वापरला पाहिजे. योशिदा भारतात येऊन गेले, त्यांनी कांचनगंगेबरोबर अजिंठा आणि वेरूळही छापले. या चित्रांविषयी मराठीत लिहिताना तरी पक्की संज्ञा हवी.

कातळकडा:
कलाशाळेत शिकलेला कोणताही विद्यार्थी 'वुडकट' म्हणतो. मला त्या शब्दाविषयी अढी नाही, पण येथे तो थोडा दिशाभूल करतो, कारण युरोपीय वुडकटमध्ये सहसा तेलकट शाई आणि दाबयंत्र असते, तर जपानी छपाईत पाण्यात कालवलेले रंग असतात आणि यंत्र अजिबात नसते. बोकाशी साधते ती त्या पाण्यामुळे. 'मुद्रा' म्हटल्यावर मुद्रणालय डोळ्यांपुढे येते, म्हणून मला 'लाकडी ठशाचे चित्र' अधिक प्रामाणिक वाटते.

मुद्रारसिक:
मुद्रा यंत्राच्या कितीतरी आधीची आहे. शिवछत्रपतींची राजमुद्रा कागदावर हातानेच उमटवली जात होती. एका शब्दाने भागणारे काम तीन शब्दांनी करणे म्हणजे प्रामाणिकपणा, हे मला मान्य नाही.

अनुस्वार:
पण वाचकाला तो शब्द पुन्हा समजावून सांगावा लागत असेल, तर त्याने काम भागले असे कसे म्हणता येईल? 'ठसा' खेड्यातल्या माणसालाही कळतो, आणि त्याचे दोन्ही अर्थ संदर्भाने वेगळे होतात.

मुद्रारसिक:
येथे संदर्भ पुरत नाही. युरोपातील मॅटरहॉर्न शिखराचे योशिदांचे १९२५ सालचे चित्र घ्या. एकाच ठशांवर वेगळे रंग लावून त्यांनी दिवसाचे मॅटरहॉर्न छापले आणि रात्रीचेही. 'हे दोन वेगळे ठसे आहेत' असे वाक्य पुस्तिकेत आले, तर वाचकाने लाकडे वेगळी समजायची की चित्रे?

सागरवेळ:
लाकूड तो ठसा, कागद ती छाप, असे का करू नये?

मुद्रारसिक:
'छाप' म्हटले की नाण्याची छाप, नाही तर काडेपेटीवरची घोडाछाप आठवते. कलाकृतीला तो शब्द मी लावणार नाही.