वेल्समधल्या फेरीसाइडला तिसऱ्या (शिंपल्या) मिळतात का?

ब्रिस्टलकर_सूनबाई: सासूबाई मालवणहून आल्यात आणि इथल्या माशांना नावं ठेवून झालीत. ऑगस्टमध्ये चार दिवस समुद्रावर जायचंय. गर्दीचं नको. ऑफिसातल्या एकीने फेरीसाइड सुचवलं, म्हणाली शिंपल्या मिळतात. कोणी गेलंय का?

खाणवाल्या_डॉक्टरची_मुलगी: अगं, माझे सात-आठ उन्हाळे तिथलेच! बाबा सत्तरच्या दशकात वेल्समधल्याच ऱ्होंडा खोऱ्यात, कोळशाच्या खाणींच्या भागात, डॉक्टर होते. जुलैअखेरीस खाणी दोन आठवडे एकदम बंद व्हायच्या आणि अख्खं खोरं समुद्रावर. पेशंटच उरायचे नाहीत, म्हणून बाबांनाही रजा. बहुतेक जण पोर्थकॉलला कॅराव्हॅनमध्ये राहायचे. बाबांना तिथे पावलोपावली "डॉक्टर, जरा गुडघा बघता का" व्हायचं, म्हणून आम्ही फेरीसाइडला. तिथेही चार-पाच पेशंट भेटायचेच. वाळूवर शर्ट काढून बसलेल्या त्या काकांच्या पाठीवर निळ्या रेघा असायच्या. मला वाटायचं, गोंदवून घेतलंय. जखमेत कोळशाची पूड राहून कातडी वर बुजली की तसं होतं, हे बाबांनी सांगितलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यानंतर मी त्या पाठींकडे टक लावून बघणं बंद केलं.

गाव एवढंसं. स्टेशनातून उतरायचं, रूळ ओलांडायचे की वाळू. समोर तवी नदीचं मुख आणि पलीकडच्या टेकडीवर लान्स्टेफनचा पडका किल्ला.

आता मुद्द्याचं. मिळतात त्या कॉकल. तिसऱ्यांपेक्षा गोल, फुगीर, वरून पन्हळी. तिथले म्हणतात "कोकोस". आईला वाटलं, घरमालकीण कोकम मागतेय! आई वेंगुर्ल्याची. ओहोटीला ती साडी खोचून, भातवाढी घेऊन वाळू उकरायची आणि मी बादली धरून मागे. पहिल्या वर्षी बाबांना धीर निघेना, आणल्या आणल्या शिजवायला लावल्या. घासागणिक कचकच. दुसऱ्या वर्षीपासून रात्रभर खाऱ्या पाण्यात. मग एकशिपी (एका शिंपीसकट शिजवलेलं मसाल्याचं सुकं), केकसाठी मिळतं त्या सुक्या खोबऱ्याची. घरमालकीण व्हिनेगर-मिरपूड घालून खाणारी. आमचं लाल वाटण बघून "अख-अ-वी" म्हणाली. म्हणजे आपलं "शी!". तिसऱ्या दिवशी वाडगा घेऊन स्वतःच दारात उभी.

शेवटचे गेलो १९८३ साली. पुढच्या वर्षी खाणकामगारांचा संप सुरू झाला, वर्षभर चालला, आणि त्यानंतर एकेक खाण मिटत गेली.

सुकती_बघून: सूनबाई, एक काळजी घ्या. त्या बाजूची भरती कोकणासारखी नाही. समुद्र मैलभर आत गेल्यासारखा वाटतो आणि येतो तेव्हा मधली पन्हळं आधी भरतात, म्हणजे पाणी आपल्या मागे आणि आपण वाळूच्या बेटावर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर जास्तच. तक्ता बघूनच उतरा, मुलांना लांब नेऊ नका. शिंपल्या वेचायला कधी कधी बंदी असते, तेव्हा आधी चौकशी करा. बंदी असली तर स्वान्सीच्या बाजारात उकडलेल्या मिळतात. तिथेच लेव्हरब्रेड घ्या. समुद्री शेवाळ तासन्‌तास शिजवून केलेलं काळं गरगट, दिसायला भयंकर, चवीला झकास.

ब्रिस्टलकर_सूनबाई: सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. शेवाळाला "नको गो बाय" म्हणाल्या. खोबरं केकचं चालणार नाही, नारळ आणि खवणी घेऊनच जायचं असं ठरलंय. खवणी गाडीत कुठे ठेवू?

खाणवाल्या_डॉक्टरची_मुलगी: पायाशी. पण टॉवेलात गुंडाळून, आमच्या सीटला भोक पडलं होतं.