पाच तारे अर्जन सिंगांना, मग पी. सी. लाल यांना का नाहीत?

धावपट्टी०९ (धागाकर्ता): आपल्या वायुदलात पाच तारे, म्हणजे सर्वोच्च हुद्दा, मिळालेले एकच अधिकारी, अर्जन सिंग. दुसऱ्या महायुद्धात इम्फाळच्या लढाईतलं डीएफसी हे शौर्यपदक, ४५व्या वर्षी प्रमुखपद, माणूस मोठाच. पण २००२ साली दिलेले तारे मुख्यतः १९६५ च्या युद्धासाठी होते, आणि तिथेच माझा आक्षेप आहे. ६ सप्टेंबरला पठाणकोटच्या तळावर पाकिस्तानची सेबर लढाऊ विमानं आली तेव्हा आपली विमानं उघड्यावर उभी होती. दुसऱ्या दिवशी बंगालमधल्या कलाईकुंड्याच्या तळावरही तेच. १९७१ मध्ये पाकिस्तानने ३ डिसेंबरला तसाच हल्ला केला तेव्हा विमानं पक्क्या निवाऱ्यांत होती, हाती फारसं काही लागलं नाही. उलट ढाक्याच्या तेजगावची धावपट्टी आपल्या मिगनी काही दिवसांतच निकामी केली. तेव्हा प्रमुख होते लाल.

कृष्णाकाठ: पूर्ण असहमत. १ सप्टेंबर १९६५ आठवा. जम्मूजवळच्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे अखनूरच्या दिशेने सरकतायत, दिवस कलायला आलाय. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी विचारलं, विमानं किती वेळात पोचतील? अर्जन सिंग म्हणाले, तासाभरात. आणि पोचली! अखनूरचा पूल गेला असता तर काश्मीरचं काय झालं असतं?

नॅटप्रेमी: पोचली, पण कोणती? जुनाट व्हँपायर! सेबरसमोर त्यांचा काय निभाव लागणार? चार त्याच संध्याकाळी पडली. ते वैमानिकही कुणाची तरी मुलं होती. हा हिशेबही मांडा.

कृष्णाकाठ: मांडतोच. पठाणकोटला जे तयार होतं ते पाठवलं. सकाळपर्यंत थांबले असते तर जमिनीवरच्या जवानांनी किती किंमत मोजली असती? आणि धागाकर्त्यांना एक विचारतो: १९६५ मध्ये उपप्रमुख कोण होते? लालच. मग पठाणकोटचा दोष एकट्या अर्जन सिंगांचा कसा? निवारे १९६५ च्या धड्यातून आले, आणि त्यानंतर जुलै १९६९ पर्यंत प्रमुख अर्जन सिंगच होते. लाल यांना जे वायुदल मिळालं ते आयतं आकाशातून पडलं नव्हतं.

धावपट्टी०९: पायाभरणी मान्य. पण लढाई जिंकून दाखवली लाल यांनी. जानेवारी १९७३ मध्ये लष्करप्रमुख माणेकशॉ फील्ड मार्शल झाले, म्हणजे लष्करातले पाच तारे मिळाले, आणि त्याच महिन्यात लाल चार ताऱ्यांवर निवृत्त झाले. १९८२ मध्ये ते गेले. अर्जन सिंगांचे तारे काढा असं मी म्हणतच नाहीये. १९७३ मध्ये लाल यांना का डावललं, याचं उत्तर अजून कुणीच दिलेलं नाही.