चार्ल्स पहिला विरुद्ध पार्लमेंट: भांडण पैशाचं होतं की धर्माचं?

प्रश्न (सेकंडइयर_हिस्टरी):
नमस्कार, बी.ए.ला इंग्लंडचा इतिहास आहे आणि मी एका जागी अडकलेय. चार्ल्सनं १६२९ ला पार्लमेंट बरखास्त केलं आणि पुढची ११ वर्षं बोलावलंच नाही. नोट्समध्ये सगळा भर करांवर आहे, राजाला पैसा हवा होता आणि पार्लमेंट देत नव्हतं वगैरे. पण मग स्कॉटलंडच्या प्रार्थनापुस्तकाचं प्रकरण मध्येच कुठून येतं? दोन्हीचा संबंध कोणी नीट सांगेल का?

जुनंपान:
संबंध आहे आणि अगदी थेट आहे. त्या ११ वर्षांत राजानं पार्लमेंटशिवाय पैसा उभा करायच्या वाटा शोधल्या, त्यातली मोठी म्हणजे शिप मनी. संकटकाळात आरमारासाठी बंदरांकडून घ्यायची ही जुनी वसुली, ती यानं १६३५ पासून समुद्र नसलेल्या परगण्यांवरही लावली, तीही लढाई चालू नसताना. जॉन हॅम्डेननं नकार दिला, केस १२ न्यायाधीशांपुढे गेली आणि निकाल राजाच्या बाजूनं लागला, पण ७ विरुद्ध ५ असा काठावरचा. तरी पैसा येत होता. स्कॉटलंडशी लढाई झाली नसती तर राजाचं असंच बरीच वर्षं निभावलं असतं असं मला वाटतं.
पण १६३७ मध्ये त्यानं आणि चर्च ऑफ इंग्लंडचा मुख्य धर्मगुरू आर्चबिशप लॉड यानं स्कॉटलंडवर नवं प्रार्थनापुस्तक लादलं. एडिंबराच्या सेंट जाइल्समध्ये भर प्रार्थनेत दंगा झाला, पुढच्या वर्षी लोकांनी हे बदल मानणार नाही अशा शपथपत्रावर सह्या केल्या, मग सैन्य न्यावं लागलं आणि सैन्याला पैसा लागतो! १६४० च्या एप्रिलमध्ये पार्लमेंट बोलावलं, तीनच आठवड्यांत मोडलं, आणि ऑगस्टमध्ये स्कॉट फौजांनी न्यूकॅसल घेतलं. तह असा झाला की त्या फौजेचा रोजचा ८५० पौंड खर्च इंग्लंडनं द्यायचा. आता नोव्हेंबरमध्ये पार्लमेंट बोलावण्यावाचून त्याला गत्यंतरच नव्हतं.

इतिहासवेडी:
वरचं सगळं बरोबर, पण त्यात प्रोटेस्टंट इंग्लंडला असलेली कॅथलिकांची भीती राहून गेली. राणी हेन्रिएटा मारिया फ्रेंच, कॅथलिक, आणि दरबारात तिच्यासाठी मास (कॅथलिक उपासना) व्हायचा. लॉडनं चर्चमधलं प्रभुभोजनाचं टेबल कॅथलिक वेदीसारखं पूर्वेच्या भिंतीला लावून पुढे कठडा घालायला लावला. हे लंडनच्या राजकारणातलं नाही, प्रत्येकाला आपल्या गावच्या चर्चमध्ये दर रविवारी डोळ्यांनी दिसत होतं, आणि प्युरिटन (चर्चमधल्या उरल्यासुरल्या कॅथलिक पद्धतीही नको म्हणणाऱ्या प्रोटेस्टंट) माणसाला वाटायचं की पोप मागच्या दारानं परत येतोय. त्यात ऑक्टोबर १६४१ ला आयर्लंडमध्ये कॅथलिकांचं बंड झालं. सैन्य हवं यावर सगळ्यांचं एकमत, पण ते राजाच्या हातात द्यायचं का? माझ्या मते राजा आणि पार्लमेंटमधलं युद्ध इथं अटळ झालं. नोव्हेंबरमध्ये राजाविरुद्धच्या तक्रारींचा मोठा मसुदा १५९ विरुद्ध १४८ नं पास झाला, म्हणजे पार्लमेंटच दुभंगलेलं होतं, हे उत्तरात नक्की लिहा. ४ जानेवारी १६४२ ला राजा स्वतः शिपाई घेऊन पाच सभासदांना पकडायला सभागृहात शिरला, ते आधीच निसटले होते.

सेकंडइयर_हिस्टरी:
खूप आभार दोघांचे. मग ३० जानेवारी १६४९ ला राजाचं डोकं उडवल्यावर हे मिटायला हवं होतं ना? मग १६८८ ला जेम्स दुसऱ्याला गादीवरून घालवणारी क्रांती परत कशाला?

घाटावरचा:
मिटलं नाही, कारण १६६० ला राजेशाही परत आली आणि तोच प्रश्न घेऊन आली. चार्ल्स दुसऱ्याची राणी कॅथरीन पोर्तुगालची, कॅथलिक (आपली मुंबई इंग्रजांकडे गेली ती हिच्याच लग्नात), आणि त्याच्यानंतर आलेला भाऊ जेम्स तर स्वतःच कॅथलिक. जेम्सनं १६८७ ला जाहीरनामा काढून कॅथलिक आणि चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या प्रोटेस्टंटांवरचे कायदे स्थगित केले. आज वाचताना माणूस जेम्सच्या बाजूनं जातो, धर्मस्वातंत्र्यच देत होता की! पण पार्लमेंटनं केलेले कायदे तो एकट्याच्या हुकमानं बाजूला ठेवत होता, आणि हे चाललं तर उद्या कुठलाही कायदा उरला नसता. म्हणून १६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये पार्लमेंटच्या संमतीशिवाय कायदा स्थगित करायचा नाही, कर लावायचा नाही, शांततेत खडं सैन्य ठेवायचं नाही असं आलं. त्याच कायद्यात कॅथलिक माणूस किंवा कॅथलिकाशी लग्न केलेला माणूस गादीवर बसणार नाही हेही आलं, आणि ते मला आजही खुपतं. लग्नाची अट २०१३ च्या कायद्यानं काढली, कॅथलिक राजावरची बंदी अजून आहे.

जुनंपान:
@इतिहासवेडी, सैन्याचा मुद्दा मान्य, तो मी सोडायला नको होता. १६८९ च्या यादीत सैन्य का आलं तेही त्यातूनच कळतं, जेम्सनं सैन्य वाढवून त्यात कॅथलिक अधिकारी नेमले होते.