जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतलाय, पहिल्या ट्रिपआधी काय काय लागतं?

चटणीभाकरी:
नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. पुण्याकडून जुना ट्रेलर आणलाय, दोन बेड, छोटं किचन, मागच्या टोकाला १५० लिटरची टाकी, रिकामं वजन कागदावर ९०० किलो. ओढायला डिझेल एसयूव्ही आहे. आईबाबांना घेऊन पंढरपूर, गाणगापूर करायचंय, जमलं तर पुढं कोकण. व्हिडिओ बघून यादी केली तर पन्नास वस्तू झाल्या, कॅमेरा काय, सोलर काय, बायको म्हणते ट्रेलरपेक्षा सामानच महाग पडायलंय. खरंच काय लागतं ते सांगा, आणि रिव्हर्स घेताना रडू येतं त्याचंही सांगा.

डबलट्रॉली:
अभिनंदन साहेब. रिव्हर्ससाठी कॅमेरा राहू द्या, ऊस वाहणारा एखादा ट्रॅक्टरवाला गाठा आणि रिकाम्या रानात दोन तास त्याच्याकडून शिका, कारखान्याच्या गर्दीत ती पोरं ट्रॉली मागं लावतात ते बघण्यासारखं असतं. सोपी युक्ती म्हणजे स्टेअरिंगला हात खालच्या बाजूला धरायचा, हात जिकडं नेला तिकडं ट्रेलरचं बूड जातं. हळू घ्या, वाकडं झालं की पुढं घेऊन सरळ करा, उगं मागंच रेटत बसू नका.

आणि ते कागदावरचं ९०० विसरा. सगळं सामान भरून वजनकाट्यावर न्या. आधी गाडीला जोडलेला असताना फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर, मग ट्रेलर सोडून पुढच्या पायासकट अख्खा काट्यावर. दोन्हीतला फरक म्हणजे हुकवर येणारं वजन. ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवं आणि तुमच्या गाडीच्या मर्यादेतही बसायला हवं. कमी पडलं की हायवेला शेपटी हलायला लागते. तशी हलली तर ब्रेक दाबू नका, वेग वाढवू तर नकाच, स्टेअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडा.

गड्ड्याचापाळणा:
माझी फजिती सांगतो. पहिल्याच मुक्कामाला उत्साहात कपलर, म्हणजे गाडीच्या हुकवर बसणारं ट्रेलरचं तोंड, सोडला आणि चाकाला ठोकळेच लावले नव्हते, जमीन दिसायला सपाट पण ट्रेलर आपला निघाला हळूहळू बाभळीकडं, मी आणि मेव्हणा मागं. बाभळीनं धरला म्हणून वाचलो, मागचा दिवा गेला. तेव्हापासून आधी फळ्या घालून डावंउजवं लेव्हल, मग दोन्ही बाजूंना ठोकळे, मगच हुक सोडायचा, पुढचंमागचं लेव्हल नंतर पुढच्या जॅकनं. कोपऱ्यातले चार पाय फक्त हलू नये म्हणून असतात, त्यावर ट्रेलर उचलायचा नाही.

जुना घेतलाय म्हणजे टायर बघाच. बाजूला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी उभ्या उभ्या टायर म्हातारा होतो आणि आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला तोच फुटतो. हवा सकाळी गार असतानाच बघायची. स्टेपनी, जॅक, टॉर्क पाना पाहिजेच, चाक काढून बसवलं की ७०-८० किलोमीटरवर नट परत आवळायचे, म्हणजे सोलापुरातून निघाला तर पंढरपुरात.

वायरमनकाका:
एक राहिलं. ढाब्यावर साध्या एक्स्टेंशनवर एसी लावू नका हो, माझ्या डोळ्यासमोर प्लग वितळलाय. तीन कोर २.५ एमएमची वायर, १६ अँपिअरचा प्लग, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. वायर पूर्ण उलगडायची, गुंडाळी तशीच ठेवली तर तापते. जोडण्याआधी सॉकेट टेस्टरनं अर्थिंग बघा, साध्या स्क्रूड्रायव्हर टेस्टरनं ते कळत नाही. गॅसचा डिटेक्टर लावा, अग्निशामक बाटली दाराजवळ. सोलर पुढच्या वर्षी.

डबलट्रॉली:
कागदपत्रं पण बघा, ट्रेलरची आरसी वेगळी असते, आणि ट्रेलरच्या मागच्या बाजूला ओढणाऱ्या गाडीचा नंबरही दिसायला पाहिजे. सेफ्टी चेन दोन, कपलरखालून एकमेकीवरून फुली करून लावा, कपलर निसटला तर तोंड त्यांच्यावर पडतं, रस्त्यावर नाही.

चटणीभाकरी:
मंडळी, आज काट्यावर जाऊन आलो. सगळं मिळून ११८०, चाकांवर ११३०, म्हणजे हुकवर फक्त ५०! मागची टाकी काठोकाठ भरली होती, आपल्याकडं नळाला रोज पाणी नसतं त्यामुळं टाकी दिसली की बाबा भरतातच. आता टाकी रिकामीच नेणार, पाणी मुक्कामी भरणार, आणि जड डबे एक्सलच्या थोडं पुढं. परत काट्यावर जाऊन आकडा टाकतो. कडक भाकरीचा डबा मात्र आई मांडीवरच घेऊन बसणार म्हणते, तो गाडीच्या वजनात धरा.