बायसनला नुसती रंगरंगोटी म्हणू नका

काका, मिग-२१ बायसन (मिग-२१ लढाऊ विमानाची सुधारित आवृत्ती, २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त) म्हणजे जुन्या विमानाची रंगरंगोटी, हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. हेल्मेटमधल्या साइटमुळे (नेम धरायच्या यंत्रणेमुळे) वैमानिकाने मान वळवून शत्रूकडे पाहिलं की आर-७३ क्षेपणास्त्र तिकडे रोखलं जायचं. २००४ च्या ग्वाल्हेरमधल्या भारत-अमेरिका हवाई सरावात अमेरिकी एफ-१५ लढाऊ विमानवाल्यांनीही त्याची दखल घेतली. खरी अडचण विमानाच्या नाकात होती. हवा आत घेणाऱ्या तोंडातल्या शंकूतच रडार बसवायचं, म्हणून अँटेना लहान आणि नजर तोकडी. त्याचं दुसरं क्षेपणास्त्र आर-७७ लांब मारणारं, पण आधी लक्ष्य दिसायला तर हवं! इंधनही कमीच. त्यामुळे आपल्या हद्दीत, जमिनीवरच्या रडारची साथ असेल तेव्हा ते विमान भारी ठरायचं. संभाजीनगरात एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) तयारी करणारी आपली पोरं तुमचं ऐकतात, त्यांना हे नीट सांगा.